पेटी पुढे, वकील मागे

शमुवेल, तुला माती देऊन आम्ही परतलो आणि तुझ्या ओसरीवर टेकलो, तेव्हा वाटलं होतं की आता कुणीतरी तुझ्याबद्दल बोलेल. पाळकसाहेब बोलले, पण ते त्यांचं कामच. बाकी सगळे गाडीबद्दल बोलले.

तुझा थोरला भाऊ दानियल श्रीरामपूरहून आला होता. त्याने चहाची बशी खाली ठेवली, अंगणात चिंचेखाली उभ्या असलेल्या तुझ्या-माझ्या गाडीकडे हनुवटीनेच खूण केली आणि म्हणाला, "हिच्यात माणूस आडवा निजवता येत न्हाई. मोठी गाडी असती तर शमू आज आपल्यात असता." सगळ्यांनी माना डोलावल्या. जन्मात ज्यांनी मोटारीच्या पायरीवर पाय ठेवला नाही, त्यांनीही डोलावल्या. आपल्या जिल्ह्यात पाटाचं पाणी कसं सोडावं यावर दोन मतं असतील, पण मोटार कशी असावी यावर एकच आहे: मोठी. आणि मी, ज्याची त्या गाडीत निम्मी मालकी, ज्याच्या हातात त्या दिवशी चाक होतं, मी बशीतला चहा फुंकत बसलो. कोर्टात उगाच बोलायचे पैसे घेणारा माणूस तुझ्या ओसरीवर फुकटसुद्धा बोलला नाही.

तू असतास तर माझी सालटी काढली असतीस. म्हणूनच हे तुला लिहितो आहे.

भिंगारच्या त्या बंगल्यापासून सुरुवात करतो, कारण भांडण तिथूनच सुरू झालं. गोरे निघाले होते. कँपातल्या बंगल्यांच्या व्हरांड्यांत त्यांचे संसार विक्रीला मांडले होते: पितळी पलंग, वाघाची कातडी, न्हाणीचे टब. एका मेजरसाहेबाच्या पोर्चमध्ये दोन मोटारी होत्या. एक सात माणसं बसणारी, काळीभोर, पालखीसारखी झुलणारी. दुसरी आपली. दोन दारं, वर कापडी छत, पुढे चिमणीसारखं नाक. तुला चष्म्यांची दुकानदारी घेऊन आठवडी बाजार करायचे होते, मला राहात्याच्या कोर्टात जायचं असे. एकट्याला मोटार झेपणारी नव्हती, म्हणून दोघांत एक घ्यायचं ठरलं होतं.

पण मी एकटा कुठे आलो होतो! मी माझे काका बरोबर आणले होते. आमच्या घरात बैल असो, सून असो, मोटार असो, पसंती काकांची. आणि आमच्याकडे गाडी घ्यायची रीतही अशी की पहिली फेरी कुलदैवताला, घरातलं झाडून सगळं वडीलधारं माणूस तीत घालून. एकही म्हातारी मागे राहिली तर अपशकुन. म्हणजे गाडी निवडायची ती त्या एका दिवसासाठी. पुढे सारा जन्म तीत एकटा माणूस जाणार असला तरी त्याची सोय कोणी विचारायची नाही. या रीतीची मला लाज वाटायची, असं मी तुला नेहमी सांगत असे. तरी काकांना घेऊन मीच आलो होतो.

काकांनी लहान गाडीभोवती चक्कर मारली. काठीने टायरला डिवचलं.

"आरं, ही हिची पिल्ली काय रं?"

"नाही काका," तू म्हणालास, "ही वेगळी जात."

"हिच्यात ह्याची आई, चुलती, दोन आत्या आन् मी, कुटं बसायचं?"

"तुम्ही टांग्याने जा ना देवाला. देव काय गाडी बघतोय? मला दर आठवड्याला राजूरला जायचंय."

"राजूरला घोडं लागतं, मोटार न्हाई."

"आठ घोडे आहेत हिच्यात."

काका वाकून आत बघू लागले आणि तू इतक्या जोरात हसलास की मेजरसाहेबाचा कुत्रा भुंकला.

मग तू कोट काढून दोन्ही गाड्यांच्या खाली शिरलास. मोठीच्या खालून निघालास तेव्हा सदरा पांढराच होता. लहानीच्या खालून निघालास तेव्हा पाठ चिखलाने माखली होती. तू ती पाठ मला अभिमानाने दाखवलीस. "बघ वकीला. जी गाडी रोज बाहेर पडते तिच्या पोटाला चिखल असतो. जी बाहेर पडत नाही तिला पॉलिश असतं. साहेब कुठली वापरतो, हे साहेबाला विचारायची गरज नाही." मग आपण दोघे लहान गाडीत बसून मैदानामागच्या सुनसान दगडाळ रस्त्याने गेलो. तिथे तू दुसरी परीक्षा केलीस, जी मला तेव्हा कळली नाही. परत आल्यावर विचारलंस, "मी गुणगुणत होतो का रे?" मी म्हटलं, "हो, आणि बेसूर." तू म्हणालास, "मग हीच. चालवताना ज्या गाडीत गाणं सुचत नाही, ती घ्यायची कशाला? ती रेल्वेच."

काकांनी त्याच दिवशी ती मोठी घेतली, माझ्यावर रागावून. तिचं पुढे काय झालं ते तुला माहीतच आहे, पण पुन्हा सांगतो, कारण ते सांगताना मला आजही आनंद होतो. देवाची एक फेरी झाली. घरातल्या सगळ्या म्हाताऱ्या तीत बसल्या, उलट्या करत गेल्या आणि धन्य होऊन आल्या. तेवढ्यात महिन्याच्या कुपनाचं पेट्रोल संपलं. मग ती गुळाच्या वखारीत उभी राहिली. मागच्या सीटवर कोंबडी अंड्यांवर बसली. चुलतभावाच्या वरातीला तिला बाहेर काढून बैल जुंपले, आणि नवरदेव आत बसून पुढचा भोंगा वाजवत होता. गावात आजही लोक सांगतात, "वरात मोटारीतून निघाली हुती." बैलांचं नाव कोणी काढत नाही. हीच ती मोठी गाडी, शमुवेल, जी असती तर तू वाचला असतास.

आपल्या गाडीत मात्र पहिल्याच बाजाराला तू माझा अपमान केलास. तुझी ती नजर तपासायच्या भिंगांची लाकडी पेटी, आत मखमलीच्या खाचांत ओळीने बसवलेली काच, ती तू पुढच्या सीटवर ठेवलीस. मला म्हणालास, "तू मागे."

"मी मागे? आणि खोकं पुढे?"

"मागे धक्के बसतात. भिंगं फुटतात. वकील फुटत नाही."

त्या मागच्या सीटवर सहा फुटी माणसाने कसं बसावं याचा विचार ती बनवणाऱ्याने केलेलाच नव्हता. गुडघे हनुवटीला, टोपी छताला. मी असा राहात्याला उतरायचो तेव्हा पक्षकार माझ्याकडे बघून तोंड फिरवायचे. किती भांडलो त्यावरून! मागची सीट मऊ आहे, मागे गोधडी घाल, पेटी मांडीवर घेतो, काच काही इतकी नाजूक नसते. तुझं एकच. पेटी पुढे, वकील मागे.

आणि मी काय केलं? कोर्टाच्या बाररूममध्ये त्याचा सूड घेतला. आपल्या गाडीला मी खेकडा म्हणायचो. शिंप्याची डबी म्हणायचो. एका कनिष्ठ वकिलाने विचारलं, "साहेब, पाऊस आला तर गाडी खिशात घालता का?" तेव्हा सगळ्यांत मोठ्याने मी हसलो. ती बाररूम म्हणजे काय, तुला माहीत आहे. दुसऱ्याची गाडी मोजणारी, पण स्वतः टांग्याच्या भाड्यावरून हुज्जत घालणारी माणसं. त्यांना हसवण्यासाठी मी ज्या गाडीची टवाळी करत होतो, तिच्यात बसायला मिळावं म्हणून राजूरच्या बाजारालाही तुझ्याबरोबर येत होतो, जिथे माझं काडीचं काम नव्हतं. हे मी कोणालाच सांगितलं नाही. तुलाही नाही.

राजूरच्या चढावर गाडी दमायची आणि मी उतरून बाजूने चालायचो. कधीकधी मी पुढे जायचो. डोक्यावर भाताची पोती घेतलेल्या बायका हसून म्हणायच्या, "आवं दादा, मोटारीला हात धरून न्या की!" पण वर पोचलो की तू छत मागे सारायचास, आणि उताराला लागलो की ती गाडी एकदम पोरीसारखी व्हायची. वळणं अंगावर घ्यायची. तू उपासनेतलं एखादं गाणं बेसूर काढायचास, पेटी पुढे मालकिणीसारखी बसलेली, आणि मागे गुडघ्यांत डोकं घालून मी. चाळिशी उलटलेला, अब्रूदार, दोन मुलींचा बाप. शमुवेल, मी मागे बसून तोंड दाबून हसत असे. आनंदाने. तुला वाटायचं मी कण्हतो आहे. "दुखतंय का रे वकीला?" असं तू विचारायचास आणि मी म्हणायचो, "मरणाचं."

आता राहाता.

मी कोर्टात होतो. चष्मेवाले पडले, असं सांगत बाजारातला एक जण धावत आला. मी पोचलो तेव्हा तुझा चेहरा मातीच्या रंगाचा झाला होता. नगरला न्या, असं तिथल्यांनी सांगितलं. लोकांनी तुला पुढच्या सीटवर बसवलं, कारण मागे बसवता येईना. आणि मग काय केलं माहीत आहे? त्यांनी तुझी पेटी, अक्षरांचा तक्ता, घडीचं टेबल, सगळं उचलून मागे भरलं, आणि मी भरू दिलं. एक माणूस सोबत येतो म्हणत होता. त्याला जागाच उरली नाही. पेटी तिथेच टाकावी हे मला सुचलं नाही. इतकी वर्षं तिचा मान राखला होता ना.

मी चाकावर बसलो. गाडी एका झटक्यात सुरू झाली. ती कधीच दगा देत नसे. राहात्याच्या बाहेर पडलो आणि मी जोर लावला. तेव्हा तू डोळे न उघडता म्हणालास, "हळू रे. भिंगं आहेत."

मी हळू केलं.

खड्डा दिसला की थांबत होतो. चाक वळवून कडेने घालत होतो. एका हाताने तुझा खांदा धरला होता. राहुरी यायच्या आधी तो खांदा माझ्या हातात जड झाला. त्यापुढे नगरपर्यंत मी कसा आलो ते मला सांगता येत नाही. पण हळू आलो, एवढं आठवतं. तेव्हाही हळू.

लवकर आणलं असतं तरी उपयोग नव्हता, असं डॉक्टर म्हणाले. पण समोरच्या माणसाला काय ऐकायचं आहे हे ओळखून बोलणारे साक्षीदार मी रोज बघतो. त्यांच्या बोलण्याची किंमत मला माहीत आहे.

म्हणून ओसरीवर दानियल जे बोलला ते मी ऐकून घेतलं. गाडीने मारलं असं लोक म्हणत होते, आणि मला बरं वाटत होतं. समजतंय का तुला? गाडीने मारलं म्हणजे मी नाही मारलं. जिने कधी दगा दिला नाही, तिच्यावर मी आळ येऊ दिला.

काल दानियल गिऱ्हाईक घेऊन आला. श्रीरामपूरचा एक व्यापारी, बोटाबोटात अंगठ्या. गाडीभोवती फिरला, बॉनेटवर टिचकी मारली आणि म्हणाला, "चालली न्हाई तरी चालंल. मळ्यात ठिवू. पोरं खेळतील." दानियल मला म्हणाला, "वकीलसाहेब, निम्मी तुमची हाय. तुमी हूं म्हणा, की बाईची बी कटकट मिटली." बाई म्हणजे तुझी राहेल. वहिनी दारात उभ्या होत्या, पण त्यांना कोणी विचारलं नव्हतं. माझे काकाही समाचाराला आले होते. ते म्हणाले, "टाक काढून. त्या खेकड्यापायी गेला बिचारा." खेकडा. माझाच शब्द, बाररूममधून निघून गावापर्यंत पोचलेला.

वहिनींनी विचारलं, "भाऊजी, पेटी कुठे आहे?"

पेटी मागच्या सीटवरच होती. राहात्याहून आल्यापासून तिला कोणी हात लावला नव्हता. माझी तर हिंमतच नव्हती. वहिनींनी ती ओसरीवर आणली, कडी काढली आणि एकेक ओळ बोटाने तपासत गेल्या. भिंगं घासायला, बसवायला त्या तुझ्या बरोबरीने बसत. त्यांच्या बोटांना ती पाठ होती. शेवटच्या खाचेपर्यंत गेल्या आणि म्हणाल्या, "एकसुद्धा फुटलेलं नाही."

मी वाद जिंकलो होतो, शमुवेल. मागे ठेवली तरी भिंगं फुटत नाहीत. हा वाद जिंकून मला काय वाटलं ते तुझ्या वाट्याला कधी न येवो, असं लिहिणार होतो. तर ते आता येणारच नाही.

मी सगळ्यांसमोर म्हणालो, "वहिनी, फुटली नाहीत, कारण मी हळू आणली. भिंगं आहेत, हळू चालव, असं तो म्हणाला होता. मी त्याचं ऐकलं. ऐकलं नसतं तर कदाचित..."

वहिनी माझ्याकडे बघत राहिल्या, आणि मग त्यांच्या तोंडून हसू फुटलं. पदर तोंडाला लावला तरी थांबेना. दानियल घाबरला. "राहेल, आगं!"

"भाऊजी," त्या म्हणाल्या, "ते भिंगांसाठी म्हणाले असं वाटलं तुम्हाला?"

"मग?"

"तुमच्या चालवण्याला घाबरायचे ते. तुम्ही चाकावर बसलात की त्या दिवशी घरी आल्या आल्या तांब्याभर पाणी मागायचे. आणि तुम्हाला मागे का बसवायचे, ते सांगितलं नाही कधी? पुढे बसलात की प्रत्येक बैलगाडीला तुम्ही पायाने नसलेला ब्रेक दाबता. त्यांना हसू येई आणि गाता येत नसे. काचेचं सगळं खोटं. तोंडावर सांगितलं तर वकील रुसेल, म्हणायचे."

मग त्याच हसण्यात त्या रडायला लागल्या, आणि आम्ही सगळे पुरुष खाली बघत बसलो, जे आम्हाला उत्तम येतं.

म्हणजे सारी वर्षं मी एका थापेमागे गुडघे मोडून बसलो होतो. लबाडा! आणि मरतानाही तू थापच मारलीस, मला वाईट वाटू नये म्हणून. की खरंच भिंगांची काळजी होती? आता कोणाला विचारू? वहिनींच्या बोलण्याने माझी सुटका झाली असं मी म्हणणार नाही. रस्ता तेवढाच होता आणि मी हळू आलोच. पण एक झालं. गाडीवरचा आळ माझ्या घशाखाली उतरेना.

त्या अंगठ्यावाल्याला मी म्हणालो, "गाडी विकायची नाही."

काका म्हणाले, "आरं पर तूच तर तिला खेकडा म्हणतोस."

"म्हणत होतो."

"मग?"

"मला ती आवडते, काका. पहिल्या दिवसापासून. आणि तुमच्या मोठ्या गाडीत आता कोंबडी बसते. तिला उठवून गाडी राहात्याला पाठवली असती तर ती बैलांनी पुढच्या आठवड्यात पोचवली असती."

एवढं साधं वाक्य, मला गाडी आवडते, पण मी भर ओसरीत धोतर सोडल्यासारखं सगळे माझ्याकडे बघत होते. दानियलने मोटारीची दैना, बाईमाणसाचा एकटेपणा, लोक काय म्हणतील, सगळं काढलं. वहिनी एवढंच म्हणाल्या, "गुरुवारी राहात्याचा बाजार आहे. त्यांनी नजर तपासून ठेवलेले लोक चष्म्यासाठी येतील. त्यांना कोण देणार, तुम्ही?" सगळ्यांनी पुन्हा चहा मागितला.

तू वहिनींना कँपाच्या मैदानात गाडी शिकवलीस तेव्हा मी बाररूममध्ये त्यावरही विनोद केला होता. तो इथे लिहीत नाही.

आज गुरुवार. हे मी राहात्याला कोर्टाच्या पायरीवर बसून लिहितो आहे, कारण सकाळी जे झालं ते तुला आजच कळायला हवं. वहिनी चाकावर बसल्या. हँडल मी मारलं, एकाच फेऱ्यात सुरू. दारात शेजारीपाजारी जमले होते, ज्यांना आयुष्यात बघायला दुसरं काही मिळत नाही. वहिनींनी आतून पुढचं दार उघडलं आणि म्हणाल्या, "बसा भाऊजी. आता पुढे बसायला हरकत नाही."

ती सीट रिकामी होती. शेवटचा तिच्यावर तू बसला होतास.

मी पेटी उचलली आणि तिथे ठेवली. धक्का लागला तर सरकू नये म्हणून पंच्याने बांधली. मग वहिनींना उतरायला लावून त्यांच्या बाजूने मागे शिरलो. गुडघे हनुवटीला लागले, टोपी छताला. वहिनी पुन्हा चाकावर बसल्या. गाडी निघाली.

विळदच्या उताराला समोरून उसाच्या बैलगाड्यांची लांबलचक रांग आली. मी मागे बसून दोन्ही पायांनी ब्रेक दाबला.

"कळलं मला," वहिनी पुढे बघतच म्हणाल्या, आणि थोड्या वेळाने, अगदी तुझ्यासारख्या बेसूर, गुणगुणायला लागल्या.